मी खोकड झालो त्याची गोष्ट

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून नात आली. वय वर्षं अकरा. सामानात कपड्यांपेक्षा तारा जास्त. आमगावचा मे महिना ज्यांनी काढला असेल त्यांना सांगायला नको, सकाळी दहानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही आणि माणसाला दिवसभर एकच काम उरतं, कूलरच्या टाकीत पाणी ओतणं. आंब्याच्या झाडाखाली तिला दोन दिवस करमलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं लॅपटॉप उघडला, एक काळं यंत्र माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "आबाजी, तुम्ही कोण होता? मांजर, बदक, का खोकड?"

सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

व्हिडिओ गेम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे बंदुका येत. कोणीतरी धावतो आहे, कोणाला तरी मारतो आहे, कोपऱ्यात गुणांचा आकडा चढतो आहे. नातीनं माझं हे अज्ञान दहा मिनिटांत दूर केलं. तिच्याकडचे तिन्ही खेळ असे होते की त्यात माणूस व्हायची सोयच नाही. पहिल्यात तुम्ही भटकं मांजर. नाव 'स्ट्रे'. फ्रान्समधल्या माँपेलिए गावच्या ब्लूट्वेल्व्ह नावाच्या छोट्या संस्थेनं केलेला हा खेळ १९ जुलै २०२२ रोजी आला. माणसं नाहीशी झालेल्या एका बंदिस्त शहरात तुम्ही हिंडायचं. ते शहर हाँगकाँगच्या पाडून टाकलेल्या कोवलून वस्तीवरून सुचलेलं आहे. त्यात म्याव करायला एक स्वतंत्र बटण आहे, त्याचा फारसा उपयोग नसला तरी. सोफा ओरबाडता येतो, फळीवरच्या वस्तू खाली पाडता येतात. आमच्या घरचं मांजर हे सगळं बटणाशिवाय करतं, असं मी म्हटलं. तिला ते आवडलं नाही.

दुसऱ्यात तुम्ही हंस. ती त्याला बदक म्हणते, मी सुधारत बसलो नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या चार मित्रांनी काढलेला 'अनटायटल्ड गूस गेम' २०१९ सालचा. एका नीटनेटक्या इंग्रजी खेड्यात शिरून माळ्याच्या किल्ल्या पळवायच्या, लोकांना सळो की पळो करून सोडायचं, एवढंच काम. हा मला मनापासून आवडला. काही जुने अधिकारी आठवले.

या खेळांना 'इंडी' म्हणतात. मोठ्या कंपन्यांच्या शेकडो कोटींच्या पसाऱ्याबाहेर, पाच-दहा जणांनी स्वतःच्या मनाला पटेल ते केलेलं काम. आमच्या पिढीला समजेल अशा भाषेत सांगायचं तर हे त्या धंद्यातलं लघुनियतकालिक. फरक इतकाच की आपली लघुनियतकालिकं तीन अंकांत बंद पडायची आणि यांतलं एखादं जगभर खपतं. आपल्याकडेही असं घडलं आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यात हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली एक मुलगी आहे. पण तिथे आपण माणूसच.

तिसरा खेळ खोकडाचा. मी तो निवडला, कारण नात म्हणाली, "यात पिल्लं आहेत. सांभाळावी लागतात. तुम्हाला जमणार नाही."

आता इथे जरा थांबून शब्दाचा घोळ मिटवतो. आपण पाठ्यपुस्तकातून द्राक्षं आंबट म्हणणाऱ्या इसापच्या प्राण्याला कोल्हा करून टाकलं. पण रात्री गावाबाहेर जो सुरात रडतो तो कोल्हा वेगळा आणि इंग्रज ज्याला फॉक्स म्हणतात तो वेगळा. आपल्या माळरानावर या दुसऱ्याचा लहानखुरा भाऊबंद राहतो, शेपटीचं टोक काळं असलेला. त्याचं मराठी नाव खोकड. हा कोल्ह्याहून लहान, लाजरा आणि जमिनीत बीळ करून राहणारा. तर मी कोल्हा नव्हे, खोकड झालो. त्यातही मादी झालो.

जनावर होण्याची हौस तशी आपल्याला नवी नाही. आमच्या लहानपणी देवळाच्या पायरीवर कोळशानं रेघा मारून वाघ-बकरी खेळायचे. नेपाळात चार वाघ नि वीस बकऱ्या, दक्षिणेत तीन वाघ नि पंधरा बकऱ्या, अशा त्याच्या तऱ्हा आहेत. आम्ही हाती लागतील तेवढे चिंचोके घ्यायचो. बकऱ्यांनी वाघाला कोंडलं की बकऱ्या जिंकतात, हे माहीत असूनही प्रत्येकाला वाघच व्हायचं असे. मोहरमला अंगावर पिवळेकाळे पट्टे रंगवून नवसाचे वाघ नाचत, त्यांच्या मागे आम्ही गावभर फिरायचो. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढायचा, त्याला खराखुरा चारा दाखवायचा. पण या सगळ्यांत जनावर हे सोंग होतं. वाघ झालेला माणूस नाच संपला की विडी ओढत बसायचा. व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळीची आख्खी कादंबरी लिहिली, तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण ती वाचताना आपण झाडाआड उभे राहून टोळीकडे पाहत असतो. या खेळात झाड नाही. भूक लागली की ती तुम्हाला लागते.

खेळाचं नाव 'एंडलिंग'. स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या हिरोबीट स्टुडिओजनं तो केला आणि गंमत म्हणजे तो मांजराच्या खेळाच्याच दिवशी, १९ जुलै २०२२ ला बाहेर आला. मांजराचा गाजावाजा जास्त झाला. खोकडाला पुढच्या वर्षी ब्रिटनचा बाफ्टा मिळाला, निव्वळ करमणुकीपलीकडे जाणाऱ्या खेळासाठी असतो तो. 'एंडलिंग' हा शब्द १९९६ मध्ये 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकातल्या एका पत्रातून पुढे आला. एखाद्या जातीतला जो शेवटचा जीव उरतो, तो एंडलिंग. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ ला मार्था नावाची कबुतरीण मेली आणि ज्यांच्या थव्यांनी कधीकाळी आभाळ झाकायचं ती प्रवासी कबुतरं संपली. मार्था एंडलिंग. आमच्या रेल्वेमार्गाच्या पूर्वेला जे छत्तीसगड लागतं, तिथल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७ मध्ये एका रात्री तीन चित्ते मारले. ते भारतातले शेवटचे मानले जातात. तिथे शेवटचे म्हणायला तिघं होते, एवढाच फरक. मराठीत या शब्दाला प्रतिशब्द नाही. 'निर्वंश' आहे, पण तो गेलेल्या घराण्यासाठी. उरलेल्या एकासाठी नाही.

खेळ सुरू होतो तो वणव्यात. जंगल पेटलं आहे, तुम्ही पळता आहात, पाय दुखावला आहे. कसंबसं एक बीळ गाठता आणि तिथे चार पिल्लं होतात. त्यापुढे नियम सोपा. रात्री बाहेर पडायचं, उंदीर, मासा, फळं, कचऱ्यातलं उष्टं, मिळेल ते आणायचं आणि उजाडायच्या आत बिळात परतायचं. एक शब्द कोणी बोलत नाही. वास हा रंगीत धुरासारखा हवेत तरंगताना दिसतो, त्याच्या मागे जायचं. थोडी मोठी झाली की पिल्लं रांगेनं मागे येतात. प्रत्येक रात्री बाहेर पडावं तर जंगल थोडं कमी झालेलं असतं. काल जिथे झाडं होती तिथे आज ओंडके, मग यंत्र, मग कुंपण. आणि एके रात्री एक माणूस येऊन एक पिल्लू पळवून नेतो. आईनं त्याच्या वासाचा माग काढत जायचं, बाकीच्या तिघांना सांभाळत.

नातीनं पहिल्याच रात्री पिल्लांना नावं ठेवली. ठिपक्या, भोपळा, चिंगी आणि बारक्या. मला ती चारही एकसारखी दिसायची. मी आपला मनात एक, दोन, तीन, चार म्हणायचो. पडद्यावर भुकेची एक पट्टी असते, ती उतरत जाते. ती मात्र मला फार चटकन समजली. आयुष्यभर असल्या पट्ट्याच तर पाहिल्या होत्या. इतकी शिल्लक, इतका खर्च, इतक्या वेळात परत. मी कागद घेतला आणि कोणत्या रात्री कुठे काय मिळालं ते लिहायला लागलो.

"हे काय करता?"

"हिशेब."

"खोकड हिशेब करतं का आबाजी?"

माझ्या मते करत असणार. पण गप्प बसलो. आमच्या सौ. दोनदा डोकावून गेल्या. एकदा म्हणाल्या, "पेन्शनीत माणूस देवाचं नाव घेतो, हे कुत्र्याचं पिल्लू सांभाळतात." त्यांना खोकड सांगण्यात अर्थ नव्हता.

पाचव्या दिवशी दुपारी (म्हणजे खेळातल्या कितव्या रात्री ते माझ्या कागदावर आहे) मी फार सावधपणे खेळलो. पुढे कोंबड्यांचं खुराडं होतं. तिथे राखणदार असेल असा माझा अंदाज. आदल्या रात्री तशाच ठिकाणी निसटता निसटता वाचलो होतो. उजाडायला वेळ थोडा. हाताशी एकच उंदीर. मी विचार केला, जोखीम नको. आजचं भागतं आहे, उद्या पाहू. नात सारखी म्हणत होती, "पुढे चला, ती भुकेली आहेत, आवाज ऐका ना." मी ऐकलं नाही आणि वेळेच्या आधी बिळात परतलो. पुढच्या रात्री निघालो तेव्हा मागे दोनच होती.

मी म्हटलं, "एक कमी झालं."

ती म्हणाली, "बारक्या." आणि आतल्या खोलीत निघून गेली.

अकरा वर्षांची पोर खेळातल्या पिल्लासाठी रडली यात नवल नाही. पण मी तिथेच हातात ते यंत्र धरून बसलो होतो आणि मला सारखं असं वाटत होतं की हे वाक्य मी याआधी म्हटलं आहे, याच आवाजात. ते कुठे, हे रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं.

गोष्ट १९८६ सालची. मी तेव्हा तरुण शेती अधिकारी. गोंदिया जिल्हा व्हायचा होता (तो १ मे १९९९ ला झाला), आमगाव भंडारा जिल्ह्यात. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला म्हैस, गाय, बकऱ्या, शिवणयंत्र, काहीतरी घेऊन द्यायचं. थोडं सरकारी अनुदान, बाकी बँकेचं कर्ज. अल्पभूधारकाला पाव अनुदान, मजुराला एक तृतीयांश, आदिवासीला अर्धं. उद्दिष्टं वरून यायची आणि मार्चअखेर म्हशींचा पूर यायचा. आमच्या खरेदी समितीपुढून एकच म्हैस दोनदा गेली असल्याचा मला आजही संशय आहे. असो.

कर्जाच्या म्हशीचा विमा असायचा. विम्यासाठी तिच्या कानाला एक बिल्ला ठोकायचे, त्यावर क्रमांक. म्हैस मेली तर पशुवैद्याचा दाखला, पंचनामा आणि बिल्ल्यासकट कापलेला कान, एवढं आलं की दावा मंजूर. बिल्ला नाही तर दावा नाही, हा नियम होता आणि त्याला कारणही होतं. नाही तर जिवंत म्हशी कागदावर मेल्या असत्या. मी असे कान पाहिले आहेत. मीठ लावून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, पावतीला टाचून आणलेले. ते टेबलावर ठेवले जायचे आणि आम्ही चहा बाजूला सरकवायचो.

वाघ नदीच्या पलीकडच्या एका गावात एका बाईला आम्ही म्हैस दिली होती. नवरा मजुरीला, तीन मुलं, धानाची एक बांधी. श्रावणात घटसर्पाची साथ आली, म्हैस एका रात्रीत गेली. मला निरोप आठवड्यानं मिळाला. सायकलवरून गेलो, नदी नावेनं ओलांडली, चिखलात पाय बुडवत तिच्या अंगणात पोचलो. म्हैस त्यांनी पुरून टाकली होती. मी विचारलं, "कान कुठे आहे?"

तिला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "मेल्यावर तिचा कान कसा कापू जी? लेकरायले दूध पाजलं तिनं."

मी तिला नियम समजावून सांगितला. दोनदा सांगितला. गावातला एक जण म्हणाला, उकरून काढू. आठवडा झालेला, वर पाऊस. बाई मध्ये उभी राहिली. मी वहीत लिहिलं, 'कर्णबिल्ला अप्राप्त'. निघताना शेजाऱ्याला म्हटलं, "यांच्या गावात चार दिल्या होत्या, एक कमी झाली."

दावा फेटाळला गेला. कर्ज राहिलं. नोटिसा मीच काढल्या, सही माझीच. नवरा नागपूरला बांधकामावर गेला आणि १९८८ पर्यंत त्यांनी व्याजासकट सगळं फेडलं. मग १९९० मध्ये केंद्र सरकारची कर्जमाफी आली. २ ऑक्टोबर १९८९ ला थकलेलं दहा हजारांपर्यंतचं कर्ज माफ. ज्यांनी दमडी भरली नव्हती त्यांची खाती मी माझ्या हातानं कोरी केली. तिचं खातं आधीच बंद होतं, त्यामुळे त्या यादीत ते येण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या कामात चूक नव्हती. तपासणीत त्या वर्षी आमच्या शाखेला चांगला शेरा मिळाला.

पुढे मी तीन कादंबऱ्या लिहिल्या. तिन्हींत बँक आहे, माणसं आहेत. म्हैस एकीतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातीला ही गोष्ट सांगितली, नोटिसा वगळून. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आपण पहिल्यापासून खेळू." मुलांचं हे बरं असतं.

या वेळी मी कागद घेतला नाही. पिल्लांची नावं पाठ केली. मग हळूहळू लक्षात आलं की ती एकसारखी नाहीतच. एकाच्या रंगात फिकेपणा आहे, एक सगळ्यांच्या मागे राहतं. दर दोन-चार पावलांना मागे वळून बघायची सवय लागली, इतकी की संध्याकाळी किराणा आणायला गेलो तेव्हा वाटेत दोनदा मागे पाहिलं. त्या खुराड्यापाशी या वेळी गेलो. कोंबडी उचलली. पळालो. छाती धडधडत होती आणि शेजारी नात टाळ्या पिटत होती. बारक्या त्या रात्री जेवला.

आणि तेव्हाच माझ्यातला जुना अधिकारी पुन्हा जागा झाला. ती कोंबडी कोणाची होती? आमच्या शाखेत म्हशींच्या खालोखाल कुक्कुटपालनाची प्रकरणं असत. पन्नास कोंबड्यांतल्या रात्रीतून नऊ गेल्या तर त्या घराचा हप्ता चुकायचा. खेळात तो कोंबडीवाला दिसतो तो कंदील घेऊन धावणारा शत्रू म्हणून. त्याचं बीळ आपल्याला कोणी दाखवत नाही. या खेळावर माझा एवढा एक आक्षेप आहे आणि तो मी सोडणार नाही. आमच्याकडे जंगलाला लागून राहणाऱ्या माणसाला ही चैन परवडत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ ला अवनी वाघिणीला गोळी घातली तेव्हा शहरांत लोकांनी मेणबत्त्या लावल्या. तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. तिच्यामागे दोन बछडी होती. मरणाऱ्या तेरांच्या मागेही घरं होती. मी दोन्ही बाजूंनी हळहळलो आणि दोन्हीकडच्या लोकांशी भांडलो.

पण त्याच महिन्यातली दुसरी बातमी मला खेळताना राहून राहून आठवायची. आमच्या गोंदियाहून बल्लारशाहला जी रेल्वे जाते, तिच्यावर चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात वाघाची तीन बछडी गाडीखाली आली. तिथे कोणी शिकारी नव्हता, कोणाची कोंबडी गेली नव्हती. आई पुढे गेली असेल, पिल्लं मागे राहिली असतील. त्या गाडीनं मी अनेकदा गेलो आहे, खिडकीशी बसून. नवेगाव आणि नागझिरा ही दोन जंगलं डिसेंबर २०१३ मध्ये एका व्याघ्र प्रकल्पात जोडली गेली, पण ती कागदावर. जमिनीवर त्यांच्यामधून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो, पूर्वी त्याला सहा क्रमांक होता, आता त्रेपन्न. देवरीहून साकोलीकडे जाताना रात्री दिव्यांच्या झोतात रस्त्याच्या कडेला दोन डोळे चमकून विझतात. आपण म्हणतो, काहीतरी होतं, आणि गाडी पुढे जाते. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. तिकडे वाघ जास्त झाले होते, इकडे कमी. वाचताना मला बदलीचा हुकूमच वाटला तो. नव्या गावी पाणी कुठे, शेजारी कोण, काही माहीत नसताना रुजू व्हायचं.

सारस तर आमचेच. महाराष्ट्रात ते उरले ते मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात, वैनगंगा आणि वाघ नदीच्या काठच्या धानाच्या बांध्यांतून. वहीच्या एका पानावर मावतील इतके. जोडीनं फिरतात, जन्मभर जोडी सोडत नाहीत असं लोक मानतात. ज्याच्या बांधीत घरटं होतं तो शेतकरी रोवणीच्या वेळी तेवढा तुकडा सोडून देतो, असं मी पाहिलं आहे. त्याला त्याबद्दल कुठलं अनुदान मिळालेलं माझ्या वाचनात नाही, निदान माझ्या काळात तरी तसा रकाना नव्हता.

आमगावच्या अगदी शेजारी पदमपूर आहे. भवभूतीचं पद्मपूर ते हेच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. त्यामुळे आमच्या गावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचं नाव आहे. आम्ही त्याचा अभिमान बाळगतो आणि त्याची नाटकं वाचत नाही. त्या रात्री मी 'उत्तररामचरित' काढून तिसरा अंक वाचला. सीता बारा वर्षांनी दंडकारण्यात येते, पण वरदानामुळे ती कोणाला दिसत नाही. तिनं पूर्वी कोवळ्या पाल्यावर वाढवलेलं हत्तीचं पिल्लू आता मोठं झालं आहे आणि त्याच्यावर दुसरा मस्तवाल हत्ती चालून आला आहे, असा ओरडा होतो. सीता धडपडून उठते, मुलाला वाचवा म्हणते. हत्तीला मुलगा म्हणते! ती तिथे आहे, पण तिला काही करता येत नाही. खेळताना माझी अवस्था काहीशी तीच होती, फक्त माझ्या हातात बटणं होती. पदमपूरच्या माणसानं हे सुमारे तेराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आणि मी मात्र त्याच पंचक्रोशीत म्हशीचा कान मागत हिंडत होतो.

खेळाचा शेवट मी सांगत नाही. तसा शिष्टाचार आहे म्हणे, नातीनं बजावलं आहे. एवढं सांगतो की आम्ही तो पुरा केला. दुसऱ्या खेपेलाही सगळी पिल्लं टिकली नाहीत. पण या वेळी भोपळा गेला तेव्हा 'भोपळा गेला' असंच दोघांच्याही तोंडून आलं. शेवटी आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. सौ.नी पन्हं आणून ठेवलं ते तसंच राहिलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती पुण्याला गेली. मी तिला गोंदियाला गाडीत बसवून आलो. परवा तिचा फोन आला. शाळा, पाऊस, नवी बाई, सगळं सांगून झाल्यावर तिनं मध्येच विचारलं, "आबाजी, त्या म्हशीचं नाव काय होतं?"

मला कर्ज खात्याचा क्रमांक आठवतो. रक्कम आठवते, साडेतीन हजार. त्या बाईनं बोलताना म्हशीला नावानं हाक मारली होती, तिच्या तोंडाची ती हालचालही डोळ्यांपुढे येते. नाव येत नाही.

पुढच्या आठवड्यात नदीपलीकडच्या त्याच गावात एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न आहे. आता तिथे पूल झाला आहे. बाई असेल तर पंच्याहत्तरीची असेल, नाही तर मुलं असतील. विचारून येतो, असं नातीला सांगितलं आहे.